वाँदेचा बासे आणि घरातले वांदे

प्रश्न थोडक्यात असा. लियाँजवळ तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक मराठी जोडपं राहतं. २०२३च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर श्वानप्रदर्शनात ‘बडी हॉली’ नावाच्या झिपऱ्या, बुटक्या ‘पती बासे’ कुत्र्याने सर्वांत वरचा मान पटकावला. त्या जातीचा तो पहिलाच. तो व्हिडिओ पाहिल्यापासून त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीने ‘मला हाच पाहिजे’ म्हणून घर डोक्यावर घेतलंय. त्यांचे प्रश्न: हा खरंच शिकारी कुत्रा आहे का? एवढ्याशा पायांवर तो शिकार कसली करणार? बोलावल्यावर येतो का? आणि नाशिकला आईबाबांच्या सोबतीला असा एखादा नेता येईल का?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकतो: नाही, आणि नका नेऊ. आता का ते सांगतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. बायको इथली, पश्चिम फ्रान्समधल्या वाँदे जिल्ह्यातली. माझे सासरे आयुष्यभर हेच कुत्रे पाळत आले. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या हातात बंदूक दिली नाही, एक जुनं पिबोल दिलं. पिबोल म्हणजे कुत्र्यांना परत बोलवायचं छोटं शिंग. ‘आधी परत बोलवायला शीक, सोडायचं काय, कुणालाही जमतं,’ असं त्यांचं म्हणणं. त्याला आता सतरा वर्षं झाली. सासरे गेले. कुत्रे माझ्याकडे आले आणि वाढले. आज सहा आहेत. फ्रान्समध्ये वंशावळीच्या नोंदवहीत दर वर्षी जन्मलेल्या पिल्लांच्या नावाला ठरावीक अक्षर सुचवलेलं असतं. त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला: २०१८ची ओवी, २०१९ची पारू, २०२०ची रखमा, २०२१ची सखू, २०२२चा तुका. सहावा शेजाऱ्याकडून आला, त्याचं नाव फ्रेंचच आहे. गावातले म्हातारे शिकारी ‘सखू’तल्या ख-वर अडखळतात, पण ‘रखमा’तला र असा घशातून काढतात की रखमाला स्वतःचंच नाव ओळखू येत नसेल.

जातीचं पूर्ण नाव ‘पती बासे ग्रिफाँ वाँदेअँ’. इंग्रजीवाले पीबीजीव्ही म्हणतात. पती म्हणजे लहान (आपला पती नव्हे), बासे म्हणजे बुटका, ग्रिफाँ म्हणजे राठ केसांचा, आणि वाँदेअँ म्हणजे वाँदेचा. ‘वाँदे’ आणि आपले ‘वांदे’ यांचा भाषेत काही संबंध नाही, पण कुत्रा पाळल्यावर लागतो.

हे घराणं चौघांचं आहे. थोरला ग्राँ ग्रिफाँ, लांडगा आणि रानडुकरासाठी. त्याच्याहून कमी उंचीचा ब्रिके. मग ४० ते ४४ सेंटीमीटरचा ग्राँ बासे, मोठा ससा आणि हरणासाठी. आणि शेंडेफळ म्हणजे आपला पती बासे, खांद्यापाशी ३४ ते ३८ सेंटीमीटर. १९०७ मध्ये या जातींचा क्लब निघाला. पॉल देझामी त्याचे पहिले अध्यक्ष. गंमत म्हणजे त्या काळी आणि पुढेही बरीच वर्षं थोरला बासे आणि धाकटा बासे एकाच वेताला जन्मत, उंची मोजून कोण कुठला ते ठरे. दोघांचा संकर १९७०च्या दशकात बंद झाला, तेव्हा कुठे वाटण्या झाल्या. आजही एखादं पिल्लू उंच पायांवर आणि लांब तोंडावर जातं. मग जाणकार म्हणतात, याच्या रक्तात काका बोलतोय.

आता बुटकेपणाकडे येऊ, कारण सगळी गोम तिथे आहे.

मराठीत आपण ‘ससा’ म्हणून मोकळे होतो. फ्रेंचमध्ये ते दोन वेगळे प्राणी आहेत. ‘लिएव्र’ म्हणजे आपल्या माळावर असतो तसला: बीळ करत नाही, गवतात दबा धरून बसतो, उठला की कोसभर पळतो. ‘लापँ’ लहान असतो, वसाहत करून बिळात राहतो, आणि बिळापासून फार लांब जातच नाही. आपल्या रानात लापँ नाही. आपण पिंजऱ्यात पाळतो तो पांढरा ससा मात्र त्याच्याच वंशाचा. पती बासे हा लापँचा कुत्रा आहे.

लापँच्या मागे वेगवान कुत्रा सोडला तर काय होतं? दहा सेकंदांत लापँ बिळात, शिकार संपली. हळू कुत्रा सोडला तर लापँला घाईच नसते. तो काट्यांतल्या आपल्या वाटांनी चार उड्या मारतो, थांबतो, कान टवकारतो, पुन्हा चार उड्या. कुत्रे बोलत (म्हणजे मागावर भुंकत) मागे येतात, तो त्यांच्या पुढे गोल गोल फिरतो, आणि एका झुडपातून दुसऱ्या झुडपात जाताना क्षणभर उघड्यावर येतो. तिथे माणूस उभा असतो. कुत्र्याचे पाय आखूड आहेत ते त्याने ससा धरू नये म्हणून. ससा पकडणं हे त्याचं कामच नाही. हे मला समजायला दोन हिवाळे लागले. तोवर मी तोंडाने म्हणत नसलो तरी मनात म्हणायचो, आपला कारवानी असता तर एका झेपेत विषय मिटवला असता. कारवानी डोळ्यांनी शिकार करणारा, उघड्या माळाचा कुत्रा. त्याला इथल्या काट्यांत सोडलं तर पाच मिनिटांत कातडी फाटून बाहेर येईल. (आणि आपल्याकडे सशाची शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. तो विषय तिथेच संपतो.)

काटे म्हणजे किती? वाँदेच्या या भागाला ‘बोकाज’ म्हणतात. लहान लहान शेतं, प्रत्येकाला मातीचा उंच बांध, बांधावर दाट झाडोरा. १७९३ साली क्रांतीविरुद्ध उठलेले इथले शेतकरी याच बांधांआड लपून सरकारी फौजेला जेरीस आणत. बांधावर ब्लॅकबेरीच्या जाळ्या आणि ‘आजाँ’ नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप असतं, ज्याला पानांऐवजी सुयाच असतात. माणसाच्या कमरेपर्यंत अभेद्य भिंत, पण जमिनीलगत वीत-दोन वीत उंचीचे बोगदे. लापँ तिथून जातो. त्याच्या मागे जायला खांद्याला ३५ सेंटीमीटरचा कुत्राच लागतो, आणि अंगावर राठ, तारेसारखे केस लागतात. भुवया झुबकेदार, म्हणजे डोळ्यांत काटा जाऊ नये. शेपूट तलवारीसारखी वर, टोक बहुधा पांढरं, म्हणजे जाळीतून कुत्रा कुठे आहे ते दिसावं. तुमच्या लेकीला जे जे गोड वाटलं, त्यातलं बहुतेक काट्यांनी घडवलेलं आहे. आखूड पायांमागचा जनुकीय बदल आणि दाढी-भुवयांमागचा बदल, दोन्ही २००९ मध्ये शास्त्रज्ञांच्या हाती लागले. इथल्या शेतकऱ्यांनी ते काम त्याच्या कित्येक पिढ्या आधी, नुसतं पाहून, निवडून केलं होतं.

एक सकाळ सांगतो. ऑक्टोबरअखेर, रात्री भुरभुर पाऊस पडून गेलेला, हवा ऊबदार, वारा जवळजवळ नाही. असा दिवस हवा. वास ओल्या जमिनीला धरून राहतो. पूर्वेकडचा कोरडा वारा सुटला की नाकाचे दिवाळे निघते, मग कितीही चांगला कुत्रा असो. आम्ही चौघं, कुत्रे पाच (ओवीला त्या दिवशी पंजाला काप होता). पट्टे सोडले की पाचही जण नाक जमिनीला लावून विखुरतात. पहिली दहा मिनिटं फक्त हुंगण्याचा आवाज, शेपट्या हलताहेत. मग पारू एका जागी थबकते. शेपटीचा वेग वाढतो. ती एकदाच, जरा शंकेने, बोलते. बाकीचे मान वर करतात, पण येत नाहीत. पारू दुसऱ्यांदा बोलते, आवाजात शंका नाही. आता चारही जण धावत येऊन त्याच जागी नाक घालतात, आणि तुकाने ‘हो’ म्हटलं की विषय पक्का. मग जे सुरू होतं त्याला फ्रेंचमध्ये ‘रेक्री’ म्हणतात: पाच गळे, पाच पट्ट्या, काट्यांच्या भिंतीआड न दिसणारा कल्ला, पुढे सरकणारा.

ही जात समजून घ्यायची असेल तर डोळे मिटून ऐका. मला कुत्रे दिसत नाहीत, तरी सगळं कळतं. पारूचा आवाज घंटेसारखा, लांब. सखू तुटक, भरभर. आवाज चढला म्हणजे ससा उठलाय, ताजा माग आहे. आवाज एका रेषेत सरकतोय म्हणजे ससा बांधाच्या कडेने चाललाय. अचानक शांतता, म्हणजे माग सुटला: सशाने उलटी चाल केली किंवा बाजूला लांब उडी मारली. याला ‘देफो’ म्हणतात, आणि कुत्र्याची अक्कल खरी इथे दिसते. अडाणी कुत्रा पुढे धावत राहतो. शहाणा कुत्रा थांबतो, माग जिथे शेवटचा होता तिथे परततो, तिथून लहान वर्तुळ घेतो, मग मोठं. आमच्यात हे काम रखमाचं. ती बोलते कमी, पण अडल्या वेळी बाकीचे तिच्याकडेच बघतात. ज्याला मागच लागलेला नाही आणि तरी बोलतो, तो ‘खोटारडा’. असा एक कुत्रा सगळा जथा बिघडवतो. मी एकदा असला एक दोन हंगाम ठेवला, दिसायला फार देखणा होता म्हणून. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेला दिला. तिच्या बागेत तो आता फुलपाखरांवर खोटं बोलतो.

शिकाऱ्यालाही शिस्त असते. ससा आणि पहिला कुत्रा यांच्यात मोकळी जागा डोळ्यांनी दिसल्याशिवाय बार काढायचा नाही, जाळी हलली म्हणून तर कधीच नाही. परवान्यासाठी सरकारी परीक्षा असते, त्यात बंदूक नीट हाताळली नाही तर तिथेच नापास. आमच्या बऱ्याच रविवारी एकही बार निघत नाही. कुत्रे दोन तास गातात, ससा बिळात जातो, आम्ही गरम सूप पितो.

कुत्र्यांचीही परीक्षा असते: ‘ब्रेव्हे दे शास’. जथा रानात सोडतात, परीक्षक मागे चालतात आणि शोध, माग धरणं, चुकलेला माग सावरणं, आवाज, एकमेकांशी जुळवून घेणं यावर गुण देतात. नुसतं देखणं असून भागत नाही. इथले चांगले पैदासकार रिंगणातल्या बक्षिसाइतकाच हा कागद मागतात.

या जातीच्या इतिहासातला एक दिवस मात्र इथे कुणी विसरत नाही. जून १९५२. पॅरिसच्या पश्चिमेला, मायब्वा गावच्या आपल्या इस्टेटीत, पॉल आर्मां-देलिय नावाच्या निवृत्त डॉक्टरने सशांचा उपद्रव घालवायला दोन सशांना मिक्सोमाटोसिसचा विषाणू टोचून सोडून दिले. इस्टेटीला भिंत होती, पण विषाणूला भिंत काय कळणार! काही वर्षांत फ्रान्समधले नव्वद टक्क्यांहून अधिक रानटी ससे मेले. शिकारी कोर्टात गेले, त्याला किरकोळ दंड झाला. दुसरीकडे वनखात्याच्या आणि शेतीच्या लोकांनी त्याला पदक दिलं. सासरे तेव्हा लहान होते. ते सांगत, की बांधाबांधावर डोळे सुजलेले, आंधळे ससे बसलेले असत, आणि त्यांच्या वडिलांचे कुत्रे त्यांच्यापाशी जाऊन नुसते उभे राहत, बोलत नसत. ससाच नाही तर सशाचा कुत्रा कशाला? काहींनी कुत्रे काढून टाकले. काहींनी त्यांना लहान हरणाच्या आणि रानडुकराच्या मागावर घातलं, आणि हे बुटके त्यातही तरबेज निघाले. १९८८च्या सुमारास सशांमध्ये आणखी एक विषाणूजन्य रक्तस्रावी रोग आला. आज काही ठिकाणी ससे शेतकऱ्याला नको इतके आहेत, काही ठिकाणी पाच वर्षांत एक दिसत नाही. आमच्या गावात आम्हीच ठरवून काही बांध शिकारीतून वगळले आहेत.

आता ‘बोलावल्यावर येतो का’. या कुत्र्याच्या प्रमाण-वर्णनातच म्हटलंय की हा रानात सैतान आणि घरात देवदूत. दोन्ही खरं. घरात मुलांशी मायाळू, आनंदी, पायाशी लोळणारा. पण नाक जमिनीला लागलं आणि वास सापडला की तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हा उद्धटपणा नाही. माणसाकडे वळून न बघता, काट्यांत एकट्याने निर्णय घेणारा कुत्रा हवा म्हणून शेकडो वर्षं निवड झाली. त्याने दर मिनिटाला धन्याकडे पाहिलं असतं तर ससा सुटला असता. लॅब्राडॉर तुमच्यासाठी काम करतो. हा स्वतःसाठी करतो आणि तुम्हाला सोबत येऊ देतो.

पिबोल ऐकून येतात, पण माग सुटल्यावर. तेही पिल्लू असताना जेवणाच्या वेळी दररोज फुंकून सवय लावलेली असते म्हणून. एकदा मी जीपीएसचा पट्टा चार्ज करायला विसरलो आणि नेमकी सखू हरणाच्या मागावर गेली. अंधार पडला. सासऱ्यांची जुनी युक्ती केली: जिथे सोडलं होतं तिथे माझं घामट जाकीट जमिनीवर टाकलं, शेजारी पाणी ठेवलं आणि घरी गेलो. झोप कसली! पहाटे पाचला ती जाकिटावर मुटकुळं करून झोपलेली होती. जाकिटाची बाही खाल्ली होती.

शहरात ही युक्ती चालत नाही, कारण मध्ये रस्ता असतो. म्हणून नियम साधा: कुंपण नसेल तिथे पट्टा सुटणार नाही. लांब दोरी, दिवसाला दीड-दोन तास चालणं, आणि त्या चालण्यात त्याला हुंगायला वेळ. घरात चीजचे तुकडे लपवून शोधायला लावा. वीस मिनिटांच्या हुंगण्याने तो जितका दमतो तितका तासभर पळून दमत नाही.

आणि आवाज. या कुत्र्याला गळा आहे. १५ किलोच्या अंगातून निघेल असं वाटणार नाही असा. तुम्ही कामावर गेलात आणि तो एकटा राहिला, तर चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे दार वाजवतील. फ्रान्समध्ये कुत्र्याच्या भुंकण्यावरून दंड होऊ शकतो, हे भाड्याच्या घरात लक्षात ठेवा. बोलणं हेच ज्याचं काम, त्याला गप्प कर म्हणणं म्हणजे कीर्तनकाराला मौनव्रत देणं.

तब्येतीचं थोडक्यात. जात काटक आहे, तेरा-चौदा वर्षं सहज काढते. पिल्लू घेताना आईबापांची काचबिंदूची जनुक-चाचणी मागा. या जातीतल्या काचबिंदूचा दोष २०१५ मध्ये शोधला गेला, तो दोन्हीकडून आला तरच रोग होतो, त्यामुळे चाचणी करून टाळता येतो. कागद दाखवत नसेल त्याच्याकडून घेऊ नका. पाठ लांब आहे, वजन वाढू देऊ नका. केस कात्रीने किंवा मशीनने कापू नका, मऊ पडतात. मेलेले केस बोटांनी उपटून काढायचे. जून-जुलैत मुख्य शत्रू म्हणजे कुसळं: कानात, पंजाच्या बोटांत, नाकात शिरतात आणि आत सरकत जातात. रोज संध्याकाळी पंजे उघडून बघायचे, सखू यात ओरडते, तरी बघायचे. गोचिडांमुळे होणारा पिरोप्लाझ्मोसिस इथे बराच आहे. कुत्रा सुस्त झाला आणि लघवी कॉफीसारखी झाली की त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही.

नाशिकचं सांगतो. हे केस अटलांटिकच्या पावसासाठी आहेत, एप्रिलच्या उन्हासाठी नाहीत. दुसरं म्हणजे नाशिकच्या मळ्यांत बिबटे आहेत, आणि हा कुत्रा नाक खाली घालून, मोठ्याने बोलत उसात शिरणार. बिबट्याला यापेक्षा सोयीचं जेवण कुठलं? तिसरं, पंचाहत्तरीच्या माणसाच्या हातात वासाच्या मागे ओढणारा कुत्रा म्हणजे मांडीचं हाड मोडायची तयारी. आईबाबांना सोबत हवी असेल तर गल्लीतलं एखादं शांत, मोठं कुत्रं लस टोचून घरात घ्या.

तुमच्यासाठी मात्र दार बंद करत नाही. तिसरा मजला अडचण नाही, एकटेपणा आहे. दोघांपैकी एक जण घरून काम करत असेल तर बघू. पिल्लाऐवजी सहा-सात वर्षांचा, शिकारीतून निवृत्त झालेला कुत्रा शोधा. असे कुत्रे शिकाऱ्यांकडे असतात, त्यांना चांगलं घर मिळालं तर ते खूश असतात. तो शांत असतो, पायऱ्यांची सवय मात्र लावावी लागेल. लहान शिकारी कुत्राच हवा असेल तर ब्रतान्यचा फोव्ह बासेही बघा, गव्हाळ रंगाचा, अंगाने आटोपशीर. गळा त्यालाही आहे, फसू नका.

आणि आधी एकदा शरदात ‘ब्रेव्हे’ बघायला या, लेकीला घेऊन. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणा, लोकरीचं काही घालू नका, काट्यांत अडकतं. तिला पारू आणि सखूचे आवाज वेगळे ओळखू आले की मग पिल्लाचं बोलू. २०२६ मध्ये जन्मणाऱ्यांचं अक्षर ‘बी’ आहे, म्हणजे आपले ब आणि भ दोन्ही चालतील. ‘बडी’ सोडून दुसरं काहीतरी शोधायला तिला आतापासूनच सांगा, कारण त्या नावाचे या वर्षी प्रत्येक जथ्यात दोन तरी निघतील.